शस्त्रक्रियेपूर्वींचे चार आठवडे

सौंदर्यशस्त्रक्रियेसाठीं येणाऱ्या माणसाला शल्यविशारद जे प्रश्न विचारतो त्यांतील बहुतेकांचीं उत्तरें तो सरळपणें देतो. वय किती, मधुमेह आहे काय, रक्तदाब कसा असतो, सध्यां कोणतीं औषधें चालू आहेत, हें सांगतांना कोणी संकोच करीत नाहीं. मग प्रश्न येतो, "आपण सिगारेट ओढतां काय ?" आणि येथें उत्तर थोडें रेंगाळतें. "तशी संवय नाहीं, डॉक्टरसाहेब. कधीं मित्रमंडळींत बसलों तर एखादी." सोबत पत्नी किंवा आई बसलेली असली तर ती 'एखादी'हि नाहींशी होते. डॉक्टर तें उत्तर कागदावर टिपून घेतात. त्यांचा त्यावर पूर्ण विश्वास बसलेला असतोच असें नाहीं.

पुष्कळांना हा प्रश्न म्हणजे प्रस्तावनेदाखल केलेला नीतिपाठ वाटतो. धूम्रपानानें फुप्फुसें बिघडतात, हृदय बिघडतें, हें आतां सर्वांना पाठ झालेलें आहे. परंतु पोटाची सैल झालेली कातडी आवळून घ्यावयाची किंवा गालांवरील सुरकुत्या काढावयाच्या, त्यांत फुप्फुसांचा प्रश्न आला कोठें ? फार तर भूल देणाऱ्या डॉक्टरांनीं तो विचारावा ! वस्तुस्थिति अशी आहे कीं, भूल देणाऱ्याइतकीच, किंबहुना त्याहून अधिक, या उत्तराची गरज सुरी हातीं धरणाऱ्याला असते. येथें प्रश्न कातडीच्या जीविताचा आहे.

तो समजून घेण्यास पुण्याजवळ घडलेली एक जुनी शस्त्रक्रिया फार उपयोगी पडते. इंग्रजांच्या सैन्यांत बैल हांकणारा कावसजी नांवाचा एक माणूस १७९२ च्या युद्धांत टिपू सुलतानाच्या हातीं सांपडला आणि त्याचें नाक व एक हात कापून टाकण्यांत आला. पुढें विटा पाडणाऱ्या जातींतील एका कुशल कारागिरानें त्याला नवें नाक करून दिलें. मुंबई इलाख्यांतील दोन इंग्रज डॉक्टरांनीं तें कृत्य प्रत्यक्ष पाहिलें, आणि त्याची हकीकत १७९४ च्या ऑक्टोबरांत लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन' या मासिकांत चित्रासह छापून आली. रीत अशी होती : नाकाचा मेणाचा नमुना करावयाचा, तो कपाळावर सपाट पसरावयाचा, त्याच्याभोंवतीं रेघ आंखावयाची, तेवढी कातडी सोडवून खालीं वळवावयाची आणि नाकाच्या जागीं बसवावयाची. जोडावर चिकटविलेल्या पट्ट्यांना लावण्यासाठीं जो पदार्थ वापरला तो म्हणजे पाण्यांत कालविलेला कात ! पानदानांतील कातानें वैद्यकाच्या इतिहासांत अशी जागा मिळविलेली आहे.

पण त्या हकीकतींतील मर्माची गोष्ट वेगळीच आहे. कपाळावरील कातडी चहूंबाजूंनीं सोडविली, तरी दोन भुंवयांच्या मध्यें तिची एक अरुंद पट्टी त्या कारागिरानें तशीच राखली होती. फुलाला देठ असावा तशी ती पट्टी. त्या देठांतून वळविलेल्या कातडीला रक्त मिळत राही. नव्या जागेवर ती रुजली, तेथील रक्तवाहिन्या तिच्यांत शिरल्या, म्हणजे सुमारें पंचविसाव्या दिवशीं तो देठ कापावयाचा. तोंपर्यंत त्याला धक्का लागतां कामा नये. कातडी उचलावी, फिरवावी, ताणावी. तिचें रक्त मात्र तोडूं नये. हाच नियम आजहि या शास्त्राच्या मुळाशीं आहे.

चेहऱ्याची कातडी ताणून बसवितांना आजचा शल्यविशारद हेंच करतो. कानाच्या पुढून व मागून छेद घेऊन तो गालाची कातडी खालच्या थरापासून मोकळी करतो, मागें ओढतो, जास्तीची कापून टाकतो आणि कांठ शिवून घेतो. मोकळ्या झालेल्या या कातडीला सोयीसाठीं 'पदर' म्हणूं. खालून वर येणाऱ्या पुष्कळ बारीक रक्तवाहिन्या सोडवितांना तुटलेल्या असतात. आतां पदराला रक्त येतें तें मुख्यतः चेहऱ्याच्या मध्याकडील बाजूनें, कातडीच्या आंतील सूक्ष्म वाहिन्यांच्या जाळ्यांतून. सर्वांत शेवटीं आणि सर्वांत कमी तें मिळतें पदराच्या टोंकाला, म्हणजे कानामागच्या भागाला. आणि कातडी पातळ व ताण अधिक असतो तोहि तेथेंच. पोटावरील शस्त्रक्रियेंत हें टोंक ओटीपोटाच्या मधोमध येतें. स्तन लहान करण्याच्या शस्त्रक्रियेंत तें स्तनाग्राभोंवतीं आणि टांक्यांच्या रेघा जेथें मिळतात त्या तिठ्यावर येतें. मळ्यांतील शेवटच्या वाफ्याची जी स्थिति तीच या टोंकाची. पाट मोकळा असेल आणि पाण्याला जोर असेल तर तो वाफाहि भिजतो. कोठें थोडी आडकाठी आली कीं पहिल्यानें वाळतो तो हाच.

सिगारेट ही आडकाठी दोन वाटांनीं आणते. तिच्यांतील निकोटिनानें कातडींतील बारीक रक्तवाहिन्या आकुंचन पावतात. म्हणजे पाटच अरुंद होतो. त्याच वेळीं धुरांतील कार्बन मोनॉक्साइड हा वायु रक्तांत उतरतो. रक्तांतील हिमोग्लोबिनाचें काम प्राणवायु वाहून नेण्याचें. पण या वायूची हिमोग्लोबिनाशीं जवळीक प्राणवायूच्या दोनशें पटींहूनहि अधिक आहे. जागा एकदां त्यानें अडविली कीं तो ती सहजासहजीं सोडीत नाहीं. नित्य ओढणाऱ्या माणसाच्या हिमोग्लोबिनापैकीं शेंकडा पांच ते दहा भाग असा अडलेला सांपडणें ही नवलाची गोष्ट नव्हे. वाहणारें पाणी कमी, आणि त्या पाण्यांतला कसहि कमी ! शिवाय धुरांत हायड्रोजन सायनाइड असतो, तो पेशींपर्यंत पोंचलेल्या प्राणवायूचा उपयोगहि नीट होऊं देत नाहीं. रक्तांतील गोठण्याचे कण धूम्रपानानें अधिक चिकट होतात, आणि जखम भरून काढणाऱ्या तंतूंची उत्पत्ति मंदावते.

हा केवळ तर्क नव्हे. १९९१ सालीं सॅन फ्रॅन्सिस्को येथील संशोधकांनीं माणसाच्या कातडीखालीं प्राणवायु किती पोंचतो हें मोजून पाहिलें. एक सिगारेट ओढतांच तो झपाट्यानें उतरला, आणि पूर्वीच्या पातळीवर यावयास त्याला अर्धा तास ते पाऊण तास लागला. दिवसांत वीस सिगारेटी ओढणाऱ्याच्या कातडीला जागेपणाचा किती वेळ पुरेसा प्राणवायु मिळत असेल, याचा हिशेब ज्याचा त्यानें करावा. एरवीं कातडी हें हाल निमूटपणें सोसते. माणसाला कळतहि नाहीं. तिचे बाकीचे रस्ते शाबूत असतात तोंवरच मात्र ही सोशिकता टिकते. शस्त्रक्रियेंत ते तोडले गेले म्हणजे मग तिच्या गांठीं कांहींच शिल्लक उरत नाहीं.

पुढें काय होतें तें ऐकावयास सुखाचें नाहीं, तरी सांगितलें पाहिजे. शस्त्रक्रिया उत्तम झालेली असते, टांके सुबक पडलेले असतात. दोनतीन दिवसांनीं पट्टी सोडली जाते तेव्हां कानामागें किंवा ओटीपोटावर कातडीचा एक भाग जांभळट दिसतो. कांहीं दिवसांत तो काळा पडतो, मग कडक होतो. ती कातडी मेलेली असते. ती हळूहळू सुटते, खालीं उघडी जखम राहते, आणि ती भरावयास आठवडेच्या आठवडे, कधीं महिने लागतात. भरल्यावर मागें रुंद, ओढल्यासारखा व्रण उरतो. जो माणूस रोगासाठीं नव्हे तर चांगलें दिसावें म्हणून, धडधाकट प्रकृतीनें आणि स्वतःचा पैसा मोजून रुग्णालयांत गेला, त्याच्या पदरीं पूर्वीं नव्हतें असें व्यंग पडतें. कर्करोगाची गांठ काढतांना असा धोका पत्करावा लागतो, कारण तेथें थांबणें अधिक घातक असतें. सुरकुत्यांच्या बाबतींत तशी निकड कसली ?

हा धोका किती वाढतो, याचें प्रसिद्ध मोजमाप १९८४ सालचें आहे. न्यूयॉर्क येथील शल्यविशारद टॉमस रीस व त्यांचे सहकारी यांनीं चेहऱ्याची कातडी ताणण्याची शस्त्रक्रिया झालेल्या अकराशेंहून अधिक रुग्णांची माहिती तपासली. कातडी मरण्याचा संभव न ओढणाऱ्यांपेक्षां ओढणाऱ्यांत सुमारें बारापट आढळला. तेव्हांपासून 'सिगारेट ओढतां काय' हा प्रश्न या शाखेंत केवळ रिवाज म्हणून विचारला जात नाहीं. सर्व शस्त्रक्रियांत मात्र धोका सारखा नसतो. जेथें कातडी फारशी उचलावी लागत नाहीं तेथें तो कमी, जेथें मोठा पदर सुटा करावा लागतो तेथें फार अधिक.

मग किती दिवस आधीं सोडावें ? याचें उत्तर देणारा एक प्रयोग कोपनहेगन येथें झाला व २००३ सालीं प्रसिद्ध झाला. त्याची रचना इतकी सरळ आहे कीं ती सविस्तर सांगण्यासारखी आहे. ७८ निरोगी लोक त्यांत स्वेच्छेनें सामील झाले. त्यांपैकीं ४८ जण सिगारेट ओढणारे व ३० जण कधींच न ओढलेले. कमरेच्या खालच्या हाडाशेजारीं त्यांच्या कातडीला अगदीं लहान छेद देऊन ते भरून येतांना पाहावयाचे, आणि कांहीं आठवड्यांनीं पुन्हां तसेच छेद द्यावयाचे, असा क्रम होता. ओढणाऱ्यांपैकीं कांहींनीं आपली संवय चालू ठेवावयाची, कांहींनीं पूर्ण सोडावयाची, हें चिठ्ठ्या टाकाव्या तसें ठरविलें होतें. ओढणें चालू ठेवणाऱ्यांच्या जखमांपैकीं शेंकडा १२ जखमांत पू झाला. न ओढणाऱ्यांच्या शेंकडा २ जखमांत. ज्यांनीं सिगारेट सोडली त्यांच्या जखमा चार आठवड्यांनंतर दिलेल्या छेदांत स्पष्टपणें कमी चिघळल्या. सर्वांचीं वयें कमी, प्रकृति उत्तम, छेद चिमुकले. तरी एवढा फरक!

चार आठवड्यांचा आंकडा पंचांग पाहून काढलेला नाहीं, हें यावरून ध्यानांत यावें. रक्तांतील कार्बन मोनॉक्साइड निम्म्यावर यावयास चारपांच तास लागतात, म्हणजे एका दिवसांत तो बहुतेक निघून जातो. निकोटिनाचा जोर त्याहूनहि लौकर ओसरतो. पण जंतूंशीं लढणाऱ्या पांढऱ्या पेशींची मरगळ इतक्या घाईनें जात नाहीं. त्यांना आपलें काम पुन्हां नीट करूं लागावयास आठवडे लागतात. डेन्मार्कमध्येंच २००२ सालीं प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका अभ्यासांत, नितंबाचा किंवा गुडघ्याचा सांधा बदलावयाच्या १२० रुग्णांपैकीं निम्म्यांना सहा ते आठ आठवडे आधींपासून सिगारेट सोडण्यास मदत केली. त्यांच्यांत शेंकडा १८ जणांना कांहीं ना कांहीं उपद्रव झाला. मदत न मिळालेल्यांत शेंकडा ५२ जणांना. जागतिक आरोग्य संघटनेनेंहि २०२० सालीं हेंच सांगितलें कीं, सुमारें चार आठवडे आधीं सोडल्यास धोका उतरतो व पुढील प्रत्येक आठवडा पथ्यावर पडतो.

मध्यंतरीं एक उलटी समजूत पसरली होती. १९८९ सालीं अमेरिकेंतील मेयो क्लिनिकमध्यें हृदयाच्या शस्त्रक्रियेच्या रुग्णांची पाहणी झाली. तीवरून ऐन वेळीं सिगारेट सोडल्यास कफ वाढून फुप्फुसांना अपाय होतो, म्हणून उशीर झाला असल्यास सोडूंच नये, असा ग्रह झाला. ओढणाऱ्यांना तो अर्थातच सोईचा वाटला ! २०११ सालीं अनेक अभ्यासांचें एकत्र परीक्षण झालें, त्यांत या भीतीला आधार सांपडला नाहीं. चार आठवडे हातीं नसले तरी दोन आठवडे बरे, आणि कांहींच न जमल्यास आदला दिवस तरी कोरडा जावा. 'वीसच्या पांच केल्या' या समाधानांत मात्र फारसा अर्थ नसतो. संख्या उतरविणारा माणूस नकळत प्रत्येक सिगारेट अधिक खोल आणि शेवटपर्यंत ओढूं लागतो.

महाराष्ट्रांत हा प्रश्न सिगारेटीपुरता विचारून भागत नाहीं. विडींतील तंबाखू थोडी म्हणून ती निरुपद्रवी, असें मानणारे बरेच आहेत; परंतु तेंदूचें पान हवा फारशी आंत घेत नाहीं, विडी विझूं नये म्हणून झुरके वरचेवर घ्यावे लागतात, आणि निकोटिन व कार्बन मोनॉक्साइड यांत ती सिगारेटीला हार जात नाहीं. हुक्क्याचा धूर पाण्यांतून आला म्हणून शुद्ध होत नाहीं. निखाऱ्याचा कार्बन मोनॉक्साइड त्यांत भरपूर असतो. धुराशिवायची तंबाखू तर विसरलीच जाते. घरांतील एखाद्या मावशींना किंवा आत्याबाईंना "सिगारेट ओढतां काय" असें विचारलें तर त्या हंसून "इश्श, नाहीं हो" म्हणतील, आणि तें अक्षरशः खरें असेल. पण रोज सकाळीं दांतांना लागणारी मिसरी ही भाजलेली तंबाखूच आहे. तिच्यांतील निकोटिन हिरड्यांवाटे रक्तांत जातें. जर्दा, मळलेली तंबाखू, गुटखा यांचीहि तीच गोष्ट. गुटख्यावर महाराष्ट्रांत २०१२ पासून आणि विजेवरील सिगारेटीवर सबंध देशांत २०१९ पासून बंदी आहे. तरी डॉक्टरांनीं त्यांबद्दलहि स्पष्ट विचारावें आणि रुग्णानें स्पष्ट सांगावें हें बरें.

निकोटिनाची चिकटपट्टी किंवा च्युइंगगम यांच्या बाबतींत तज्ज्ञांत एकमत नाहीं. कोपनहेगनच्या त्याच प्रयोगांत चिकटपट्टी वापरणाऱ्यांच्या लहान जखमा इतर सोडणाऱ्यांइतक्याच चांगल्या भरल्या. धुराची गोष्ट वेगळी आणि नुसत्या निकोटिनाची वेगळी, असें त्यावरून दिसतें. परंतु साधा छेद आणि मोठा पदर यांत अंतर आहे. रक्तवाहिनी आकुंचित करणारें कोणतेंहि द्रव्य नको, असा आग्रह पुष्कळ सौंदर्यशल्यविशारद धरतात, व कातडीच्या त्या शेवटच्या वाफ्याचा विचार केला तर तो अनाठायीं वाटत नाहीं. निकोटिन नसलेल्या गोळ्याहि आहेत. बुप्रोपिऑन व व्हॅरेनिक्लिन हीं त्यांतील मुख्य नांवें. त्या डॉक्टरांच्या देखरेखीखालींच घ्यावयाच्या असतात. ज्याला चिकटपट्टीवांचून जमतच नाहीं त्यानें ती गुपचुप लावण्याऐवजीं शल्यविशारदाला सांगून त्याचा सल्ला घ्यावा.

गुपचुपपणा हाच या सर्व प्रकरणांतील खरा घातक भाग आहे. शस्त्रक्रिया नाकारली जाईल या भयानें रुग्ण संवय लपवितो. कांहीं शल्यविशारद म्हणूनच लघवींतील कोटिनिन तपासतात. निकोटिनाचें शरीरांत रूपांतर होऊन हा पदार्थ बनतो, आणि शेवटच्या सिगारेटीनंतरहि तो कांहीं दिवस सांपडतो; मात्र मिसरीनें किंवा चिकटपट्टीनेंहि तो येतोच, एवढें ध्यानांत ठेवावें लागतें. ही तपासणी म्हणजे चोराची झडती नव्हे. पदर किती लांब उचलावा, किती ताणावा, कीं तूर्त उचलूंच नये, हें शल्यविशारद त्या उत्तरावरून ठरवितो. खरें समजल्यास तो छेद आंखडता घेईल किंवा तारीख पुढें ढकलील. खोट्या उत्तरावर विसंबून त्यानें निरोगी कातडी गृहीत धरली, तर फळ भोगावयाचें तें खोटें बोलणाऱ्याच्या कातडीलाच. आणि तारीख पुढें जाण्यांत नुकसान तें काय ? सुरकुत्या कोठें पळून जात नाहींत.

सोडणें सोपें आहे असें कोणीं म्हणूं नये. पहिले दोनतीन दिवस सर्वांत जड जातात. चिडचिड, झोप न लागणें, कशांत लक्ष न लागणें हें ठरलेलेंच. पुढें दोन ते चार आठवड्यांत तें ओसरतें. संवयीचे सोबती अधिक चिवट असतात : सकाळचा चहा, जेवणानंतरचा फेरफटका, कचेरीबाहेरची टपरी. चहाची जागा बदलली, फेरफटक्याला घरांतलें कोणी बरोबर आलें, तरी मोठा आधार होतो. केंद्र सरकारची १८००-११-२३५६ ही विनाशुल्क दूरध्वनिसेवा याच कामासाठीं आहे. शस्त्रक्रियेचा एक लाभ असा कीं, तिनें मनाला तारीख मिळते. 'पुढें केव्हां तरी सोडीन' म्हणणाऱ्याला अमुक महिन्याची अमुक तारीख समोर दिसूं लागते.

एक चूक मात्र निश्चयी माणसेंहि करतात. चार आठवडे नेटानें काढतात, शस्त्रक्रिया पार पडते, आणि घरीं आल्यावर 'आतां झालें' म्हणून पहिली सिगारेट पेटवितात. पण मोकळा केलेला पदर याच वेळीं नव्या जागीं रुजत असतो. पुण्याच्या त्या कारागिरानें देठ राखून पंचवीस दिवस वाट पाहिली ती याच काळांत. म्हणून पुष्कळ शल्यविशारद नंतरचेहि निदान चार आठवडे मागतात. या दिवसांत खोकल्याची उबळहि नको असते, कारण तिच्या जोरानें आंतील लहान वाहिनी सुटून कातडीखालीं रक्त सांचूं शकतें. समाचाराला येणाऱ्या मंडळींनीं आपलीं पाकिटें बाहेर ठेवून यावें, आणि ओढावयाचीच झाल्यास खोलीच्या गच्चींत नव्हे, तर खालीं रस्त्यावर जाऊन ओढावी. रुग्णाच्या नाकाला तो वास चार दिवसांनंतर फार गोड लागतो.